घारापुरीचा दिवस आणि घारापुरीची रात्र

अपोलो बंदरावरून पूर्वेकडे नजर टाकली म्हणजे, हवा स्वच्छ असल्यास, दोन टेकड्यांचें एक हिरवें बेट समुद्रावर उठून दिसतें. तीच घारापुरी. अंतर सुमारें १० किलोमीटर. लाँचनें तासाभराची वाट. मुंबईकराला हें बेट आपल्या अंगणांतलेंच वाटतें. सरकारदफ्तरीं मात्र तें रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यांत मोडतें. त्यामुळें बेटावरच्या माणसाला कचेरीचें काम निघालें कीं, मुंबईकडे पाठ करून दुसरा किनारा गांठावा लागतो.

पाहुण्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. धक्क्यावर उतरावें, हौस असल्यास तेथील छोट्या आगगाडींत बसावें, दुकानांच्या दुतर्फा रांगांमधून सव्वाशेंक पायऱ्या चढाव्या आणि माकडांपासून शिदोरी सांभाळीत थोरल्या लेण्यांत शिरावें. उन्हांतून आंत आलेल्या डोळ्यांना सदाशिवाची ती अठरा-वीस फूट उंचीची त्रिमुख मूर्ति एकदम दिसत नाहीं. काळोखांतून ती हळूहळू पुढें येते. त्या क्षणासाठीं मनुष्यानें एकटें जावें, घोळक्यानें जाऊं नये. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीं बेटाला एलिफंटा म्हटलें, तो मात्र येथें शोधूं नये. तो मुंबईंतच, भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत उभा आहे.

लेण्यांखेरीज येथें गांवही आहे, हें पुष्कळांच्या ध्यानींच येत नाहीं. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्यांत मिळून हजार-बाराशें माणसें राहतात. पूर्वीं भातशेती व मासेमारी यांवर त्यांचा निर्वाह होई. आतां बहुतेकांचें पोट पाहुण्यांवर अवलंबून. कोणी मण्यांच्या माळा विकतो, तर कोणी वृद्धांना डोलींत बसवून वर नेतो. सोमवारीं लेणीं बंद, म्हणजे त्या दिवशीं गल्लाही बंद. पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं मुंबईच्या लाँची थांबतात, आणि कमाईही थांबते. शिवाय पाण्यावरची वाट ती पाण्यावरचीच. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीकडे निघालेल्या लाँचवर नौदलाची वेगवान नौका आदळली, तेव्हां १५ माणसें प्राणास मुकलीं.

सायंकाळीं शेवटची लाँच पाहुण्यांना घेऊन जाते. त्यांना रात्रीं बेटावर राहण्याची मुभा नाहीं. खरी घारापुरी सुरू होते ती त्यानंतर. पश्चिमेला मुंबईच्या दिव्यांची झळाळी, दुसऱ्या अंगास न्हावाशेवा बंदराचा लखलखाट आणि मध्यें हें बेट काळोखांत, असें दृश्य येथील कित्येक पिढ्यांनीं पाहिलें. डिझेलवरचें जनित्र रात्रीं तीनएक तास चाले. तें थांबलें कीं कंदिलाशीं गांठ. मुलांचा अभ्यासही त्याच तीन तासांत उरकायचा. लेण्यांना १९८७ मध्यें जागतिक वारशाचा मान मिळाला. जगाला त्या मूर्तींची ओळख पटली; त्यांच्या शेजाऱ्यांच्या घरीं दिवा लागण्यास मात्र आणखी ३१ वर्षें जावीं लागलीं.

फेब्रुवारी २०१८ मध्यें समुद्रतळावरून साडेसात किलोमीटर लांबीची तार बेटावर पोहोंचली आणि तिन्ही वस्त्यांत वीज आली. राजबंदरांतल्या मुलाला आतां पुस्तक कधीं मिटावयाचें हें स्वतःच ठरवितां येतें.