पाहणे आणि हालणे : मेंदूला इजा झालेल्या अर्भकांचा विकास



बाळाचे पाहणे आणि बाळाचे हालणे यांचा विचार आपण सहसा वेगवेगळा करतो. डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञ व हातापायांसाठी फिजिओथेरपिस्ट ही विभागणी उपचारासाठी सोयीची आहे. परंतु बाळाच्या मेंदूत या दोन क्षमता एकमेकींच्या आधारानेच वाढतात. जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे, अपुऱ्या दिवसांचा जन्म, रक्तातील साखर फार घटणे किंवा मेंदूज्वर यांमुळे ज्या बाळांच्या मेंदूला इजा झाली आहे, त्यांच्या बाबतीत हे नाते विशेष महत्त्वाचे ठरते. ते कसे, हे आपण या घटकात पाहू.

१. दृष्टी व हालचाल यांचे नाते

नवजात बाळाला साधारणतः २० ते ३० सेंटिमीटरवरचे, म्हणजे दूध पाजणाऱ्या आईच्या चेहऱ्याएवढ्या अंतरावरचे दिसते. दोन-तीन महिन्यांत ते हलती वस्तू नजरेने टिपू लागते. चार महिन्यांच्या सुमारास मान सावरते आणि त्यानंतर वस्तूकडे नेमका हात नेते. दिसते म्हणून हात पुढे होतो आणि हात पोचला म्हणजे अंतराचा अर्थ कळतो.

रिचर्ड हेल्ड व अ‍ॅलन हाइन यांनी १९६३ मध्ये मांजरीच्या पिलांवर केलेला प्रयोग येथे उद्बोधक आहे. एक पिलू स्वतः चालत गोल फिरे. दुसरे एका लहान पाळण्यात बसून त्याच्याबरोबर फिरवले जाई. दोघांना दृश्य सारखेच दिसत होते. तरीही पाळण्यातल्या पिलाला खोलीचा अंदाज येईना आणि टेबलाजवळ नेल्यावर त्याचे पंजे आधारासाठी पुढे होईनात. पुढे उजेडात मोकळे सोडल्यावर मात्र तेही हे शिकले. डोळ्यांत दोष नव्हता. उणीव होती ती स्वतः हालून पाहण्याच्या अनुभवाची.

डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझल यांच्या संशोधनाने दुसरी बाजू दाखवली. पिलाचा एक डोळा आरंभीच्या काही महिन्यांत बंद ठेवला, तर पुढे उघडूनही त्याची दृष्टी नीट घडत नाही. या दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अनुभव हवा, आणि तो वेळेत हवा, असा या संशोधनाचा मथितार्थ होय.

२. मेंदूजन्य दृष्टिदोष

काही बाळांचे डोळे तपासणीत निरोगी आढळतात. तरीही ती आईकडे पाहत नाहीत. डोळ्यांनी टिपलेल्या दृश्याचा अर्थ लावणाऱ्या मेंदूच्या भागांना इजा झालेली असते. यास मेंदूजन्य दृष्टिदोष म्हणतात. असे बाळ दिव्याकडे एकटक पाहते, स्थिर वस्तूपेक्षा हलत्या वस्तूला लवकर प्रतिसाद देते, वस्तूंच्या गर्दीत गोंधळते आणि पुष्कळदा नजर वळवून मग वस्तूला हात लावते. हे दुर्लक्ष किंवा हट्ट नव्हे, हे लक्षात घ्यावे.

३. आधार कसा द्यावा?

(अ) प्रथम शरीर सावरावे. मान सांभाळण्यातच सारी शक्ती खर्च झाली, तर पाहण्यासाठी ती उरत नाही. मांडीवर पाठ व मान टेकवून बसवावे किंवा कुशीवर निजवावे, म्हणजे दोन्ही हात नजरेसमोर येतात. जागेपणी, आपल्या देखरेखीखाली थोडा वेळ पालथे ठेवावे.

(आ) एका वेळी एकच वस्तू दाखवावी. काळ्या कापडापुढे लाल किंवा पिवळी वस्तू संथपणे हलवावी. फिट येणाऱ्या बाळापुढे लुकलुकणारे दिवे धरू नयेत.

(इ) वाट पाहावी. प्रतिसादाला वेळ लागतो. त्या वेळी बोलणे, खुळखुळा वाजवणे थांबवावे.

(ई) हात बाळाचा असावा. वस्तू त्याच्या मुठीत कोंबण्यापेक्षा त्याच्या कोपराला आधार देऊन हात पोचू द्यावा.

हे सारे अंघोळ, दूध पाजणे, कपडे बदलणे अशा नित्यक्रमात थोडे थोडे करावे. बाळ थकले की थांबावे.

४. वेळेचे महत्त्व

तीन महिन्यांचे बाळ चेहऱ्याकडे पाहत नसेल, अंग सतत ताठ किंवा सैल राहत असेल, तर ‘मोठे झाल्यावर सुधारेल’ म्हणून थांबू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते व विकासात मागे पडणाऱ्या बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. आशाताई व अंगणवाडी सेविका या वाटेवरचा पहिला दुवा आहेत.

या प्रयत्नांनी मेंदूची इजा पुसली जात नाही. परंतु शाबूत असलेल्या मेंदूला शिकण्याची संधी मिळते आणि आपले बाळ पाहू कसे शकते, हे आईवडिलांना उमगते. पुढील सर्व शिक्षणाचा पाया येथेच घातला जातो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. पाळण्यातल्या पिलाच्या प्रयोगावरून ‘हात बाळाचा असावा’ या तत्त्वाचे समर्थन करा.
२. डोळे निरोगी असूनही बाळ पाहत नाही, याची कारणमीमांसा करा.