सोनारीच्या देवाचा ‘ळ’

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यांतील सोनारी हें काळभैरवनाथाचें प्रसिद्ध स्थान. संस्कृत स्तोत्रांत हाच देव ‘कालभैरव’ आहे, व तेथें तसेंच म्हटलें पाहिजे; पण सोनारीच्या वाटेला लागलेला भाविक ‘काळभैरव’च म्हणतो. हा अशुद्ध उच्चार नव्हे. संस्कृतांतील दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठींत येतांना बहुधा ‘ळ’ होतो: फल-फळ, मूल-मूळ, काल-काळ. द्वित्त ‘ल्ल’ मात्र ‘ल’च राहतो. ‘कल्य’ शब्दाचें प्राकृतांत ‘कल्ल’ झालें आणि मराठींत ‘काल’, म्हणजे गेला दिवस. तेव्हां ‘काळ’ आणि ‘काल’ यांचें गोत्रच निराळें! ऋग्वेदाच्या आरंभींचा ‘ईळे’ हा शब्द वाचकांच्या परिचयाचा आहेच. तेथें ‘ळ’ हा ‘ड’काराच्या जागीं आलेला आहे, एवढा भेद.

जपानच्या काना वर्णमालेचा क्रम संस्कृत वर्णमालेच्या वळणावर लावलेला. प्रथम स्वर, मग क, स, त. परंतु र आणि ल यांना मिळून तींत एकच पंक्ति. त्या भाषेला तेवढें पुरतें. आपल्या भाषेला पुरत नाहीं. हिंदी पाट्यांवर लोणावळ्याचें ‘लोनावला’ होतें, टिळकांचें ‘तिलक’. मोबाईलवर रोमन अक्षरांत मराठी लिहितांना ल-ळ दोन्ही एकाच अक्षरानें उरकतात, आणि मग घरांतलीं मुलें ‘वेळ झाली’ऐवजीं ‘वेल झाली’ म्हणूं लागतात. हें ऐकूं आल्यास हसून सोडूं नये. मुलाला जवळ बसवून, जिभेचें टोक टाळूकडे वळवावयास सांगून, दहा वेळां ‘काळभैरवनाथ’ म्हणवून घ्यावें.