‘बीपी किती आलं?’ एवढं तरी विचारा!

रिओ ऑलिंपिक, 2016. अमेरिकेच्या मुलींनी 4×100 रिलेचं गोल्ड मारलं. त्या चौघींतली अ‍ॅलिसन फेलिक्स 2018 मध्ये गरोदर असताना रूटीन चेकअपला गेली आणि थेट अ‍ॅडमिट झाली. निदान होतं प्रीएक्लॅम्पसिया. 32व्या आठवड्यातच तातडीचं सिझेरियन करावं लागलं. आई आणि मुलगी, दोघी वाचल्या. त्याच टीममधली टोरी बोवी मात्र 2023 मध्ये आठ महिन्यांची गरोदर असताना गेली. मृत्यूच्या संभाव्य कारणांत एक्लॅम्पसियाची, म्हणजे बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांची नोंद होती.

म्हणजे कितीही फिट असलात तरी हे होऊ शकतं. विसाव्या आठवड्यानंतर बीपी 140/90 किंवा त्याहून जास्त आणि लघवीतून प्रोटीन जात असेल, तर तो प्रीएक्लॅम्पसिया. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, म्हणून प्रत्येक तपासणी महत्त्वाची. डोकं ठणकणं, अंधुक दिसणं, चेहऱ्यावर अचानक सूज, बरगड्यांखाली दुखणं यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं, ‘या दिवसांत होतंच गं!’ तिथेच उशीर होतो.

सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. घरात ताई, वहिनी गरोदर असेल तर गाडी काढा, सोबत जा. बाळाचं नाव सुचवण्याआधी तिचं बीपी विचारा.