तिसरा हिस्सा कोणाचा?



२०१८ साली थायलंडातील थाम लुआंग गुहेत बारा मुले व त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्यामुळे अडकले होते, हे आपणांस आठवत असेल. पाणी उपसण्याच्या कामी इकडून किर्लोस्करांचे तज्ज्ञही गेले होते. थाई नौदलाचा माजी पाणबुडा समन कुनान ६ जुलैला हवेच्या टाक्या आत पोचवून परतताना मरण पावला. समुद्रात हवा सरत आली तर पाणबुड्याला वर येण्याची आशा तरी असते. गुहेत वर खडक, आणि वाट आलो तीच. तेथे हवेचा हिशेब निराळा असतो.

अमेरिकेत फ्लॉरिडातील झऱ्यांच्या गुहांत पुष्कळ पाणबुडे दगावले. शेक एक्सली या निष्णात पाणबुड्याने अशा अपघातांची छाननी करून १९७९ साली एक छोटे पुस्तक लिहिले. त्यातील एक नियम असा की, तिसरा हिस्सा हवा जाताना वापरावी, तिसरा येताना, आणि उरलेला तिसरा राखून ठेवावा. निम्मी जायला, निम्मी यायला, एवढ्याने भागणार नाही काय? नाही भागत, कारण राखीव हिस्सा मुख्यत: सोबत्याचा असतो.

समजा, दोघे ३० मीटर खोल आहेत. प्रत्येकाजवळ बारा लिटरांच्या दोन टाक्या, दाब २०० बार. म्हणजे सुमारे ४८०० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील, तर तेथे दाब चौपट, म्हणून ८० लिटर लागतात. एवढे ओझे वाहून हवा अवघी तासाभराची! वीस मिनिटांनी वळायचे. नेमकी तेथेच एकाची सारी हवा गेली, तर दुसऱ्याजवळ ३२०० लिटर उरलेले असतात. परतीला प्रत्येकी १६०० लागतात. हिशेब जुळला.

पण तो फारच काठावर जुळला! घाबरलेला माणूस वीस लिटरांत भागवीत नाही. दोघांचा श्वास दीडपट झाला की ४८०० लिटर हवेत. गाळ उठून दोरी चाचपडत यावे लागले, तर वेळही वाढतो. झऱ्याचा प्रवाह बाहेर वाहत असेल तर परतीला मदत होते. आत ओढणारा असेल तर तृतीयांशाच्या भरवशावर राहणे घातकच. म्हणून जाणते पाणबुडे त्याआधीच वळतात.

आता बिघाडाचे. दोन्ही टाक्या नळीने जोडलेल्या असतात. प्रत्येकीला स्वतंत्र झडप व श्वासयंत्र. एका यंत्रातून हवा भसाभसा सुटू लागली, तर डोक्यामागे हात नेऊन तेवढी झडप बंद करायची आणि दुसऱ्यातून श्वास घ्यायचा. मधली झडप फिरवली की टाक्या वेगळ्या होतात. निदान निम्मी हवा वाचते. एका श्वासयंत्राची नळी दोनेक मीटर लांब ठेवतात, कारण अरुंद वाटेत सोबत्याला शेजारी नव्हे, मागे-पुढेच यावे लागते. दिवे तीन. ही सारी कृती आधी उघड्या पाण्यात, डोळे झाकून, घटवून घेतात. झडपेपर्यंत आपला हातच पोचत नाही, हे पुष्कळांना तेव्हा कळते.