अध्यक्षपदी मुलगी का नको?



अलाहाबाद विद्यापीठ १८८७ साली स्थापन झाले. स्वातंत्र्यानंतर तेथील छात्रसंघाला पहिली महिला अध्यक्ष मिळाली ती २०१५ साली – ऋचा सिंह. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात कनुप्रिया पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या त्या २०१८ साली. तोवर तेथे मुली शिकत नव्हत्या असे नाही. पण निवडणुकीत मुलींच्या वाट्याला बहुधा सहसचिवपद किंवा सांस्कृतिक विभाग येतो.

अध्यक्ष कोण, याने फरक पडतो. कारण कोणता प्रश्न आधी मांडायचा हे बरेचसे त्याच्या हाती असते. कनुप्रियांच्या कार्यकाळात मुलींच्या वसतिगृहातील वेळेच्या बंधनाचा प्रश्न ऐरणीवर आला. सुमारे दीड महिना धरणे चालले. डिसेंबर २०१८मध्ये विद्यापीठाने मुलींना चोवीस तास ये-जा करण्याची मुभा दिली. हा निर्णय सर्वांनाच पटेल असे नाही; पण मुलींचे म्हणणे ऐकले गेले, हे महत्त्वाचे.

आपल्या विद्यार्थी मंडळाची निवडणूक जवळ आली आहे. सर्व पदे सर्वांना खुली आहेत. मुलींनो, रांगोळी आणि स्वागतगीत यांवरच थांबू नका. अध्यक्षपदाचा अर्ज भरा. मुलांनो, मत देताना काम पाहा.

मंडळाच्या बैठका शाळा सुटल्यावर होतात. पालकांनी मुलाला थांबू देतात तसे मुलीलाही थांबू द्यावे. त्या दिवशी शाळेची बस अर्धा तास उशिरा सोडावी, ही विश्वस्त मंडळास नम्र विनंती.

– प्राचार्य