शब्दांचे दुवे आणि पानाची साधी मांडणी

बंगळूरु शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र वसलेले आहे. १९७० च्या दशकात उभ्या राहू लागलेल्या या क्षेत्रात आज हजारो लहान-मोठे उद्योग आहेत. यंत्रांचे सुटे भाग, अवजारे, तयार कपडे, धातूंना मुलामा देणे अशी नानाविध कामे तेथे चालतात. हाच रस्ता पुढे हुबळी, बेळगाव, कोल्हापूर या मार्गाने पुण्याला जातो.

पूर्वी ग्राहक कारखान्याची पाटी वाचून किंवा एखाद्या मध्यस्थाला विचारून येत असे. आता कोल्हापूरच्या उद्योजकाला गिअर बनवून हवे असतील, तर तो पुष्कळदा प्रथम शोधयंत्राला विचारतो. तेथे ज्याचे नाव दिसत नाही, त्याचे काम कितीही सुबक असले तरी मागणी त्याच्या दारापर्यंत पोहोचत नाही. जाहिरातीसाठी पैसा नसलेल्या लहान कारखानदाराच्या दृष्टीने हा पोटापाण्याचा प्रश्न आहे.

शोधयंत्र काम कसे करते? त्याची संगणकीय प्रणाली जाळ्यावर फिरणाऱ्या कोळ्याप्रमाणे एका पानावरून दुसऱ्या पानावर जाते. दुवा हा तिचा धागा असतो. वाटेत भेटलेल्या पानांतील शब्दांची ती सूची करते. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गूगल कंपनी स्थापन केली. त्यांच्या पद्धतीमागे विद्वानांच्या जगातील एक जुना संकेत होता : ज्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर अनेक अभ्यासक करतात, तो महत्त्वाचा मानावा. त्याचप्रमाणे ज्या पानाकडे इतर चांगल्या पानांचे दुवे येतात, त्या पानाला अधिक महत्त्व मिळते.

समजा, पीण्यातील एका कारखान्याच्या संकेतस्थळावर सारी माहिती एका रंगीत चित्रात कोरलेली आहे आणि दुव्याच्या जागी केवळ एक हलणारे बटण आहे. डोळ्यांना ते आकर्षक वाटेल. परंतु चित्रातील अक्षरे शोधयंत्राला साध्या मजकुराइतक्या खात्रीने वाचता येत नाहीत. याउलट ‘गिअर कापणीचे दर’ असे शब्द असलेला दुवा दिला, तर पुढच्या पानावर काय आहे हे ग्राहकाला आणि यंत्रालाही कळते. ‘येथे टिचकी द्या’ या शब्दांतून मात्र काहीच कळत नाही.

मांडणीचेही असेच आहे. प्रत्येक पानाला नेमके शीर्षक असावे. एका पानावर एकच विषय असावा. मुख्य पानावरून इतर सर्व पानांकडे जाता यावे. चित्र दिल्यास त्याचे वर्णन शब्दांत जोडावे. कारखान्याचा पत्ता चित्रात न देता मजकुरात लिहावा. साधे, हलके पान मंद जोडणीवरही लवकर उघडते. लहान पडद्यावर नीट वाचता येणाऱ्या पानांना गूगलने २०१५ पासून मोबाइलवरील शोधात झुकते माप दिले, म्हणूनही ही काळजी महत्त्वाची ठरते.

दुव्यांचे महत्त्व कळताच काहींनी त्यांचा बाजार मांडला. पैसे देऊन दुवे विकत घेणे, एकच शब्द पानावर शंभर वेळा लिहिणे असे प्रकार वाढले. २०१२ साली गूगलने आपल्या पद्धतीत बदल करून अशा अनेक स्थळांचे स्थान खाली आणले. ओळखीच्या ग्राहकाने किंवा व्यापारी संघटनेने आपणहून दिलेला एक दुवा अशा विकतच्या दुव्यांपेक्षा मोलाचा असतो.

साध्या मांडणीने पहिला क्रमांक मिळेलच, असे वचन कोणी देऊ शकत नाही. कारण क्रम ठरविताना इतर अनेक गोष्टींचा विचार होतो. तथापि जे पान वाचणाऱ्याला सहज समजते, ते यंत्रालाही सहसा समजते. रस्त्यावरची पाटी जशी ठळक, खरी आणि वाचता येण्याजोगी असावी लागते, तसेच संकेतस्थळाचे पानही असावे. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. आपण काय करतो, हे नेमक्या शब्दांत सांगता यावे लागते.