लेकींच्या लहानपणाचा रोजमेळ

आपल्या वार्षिक अंकात वर्षभराच्या कामकाजाचा अहवाल असतो, बाजारभावांची चर्चा असते, करांच्या नव्या नियमांचे विवरण असते. आणि ते असावयासच हवे. परंतु हा अंक दुकानातून घरी जातो, आणि घरी तो पुष्कळदा पेढीपेक्षा अधिक आस्थेने वाचला जातो. म्हणून या खेपेस एका घरगुती विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. पांढुर्णा-सौसर भागातील व्यापारी कुटुंबाने आपल्या लहान मुलींना घेऊन कोठे जावे, त्यांच्या वाढीतील कोणते प्रसंग जपावेत, आणि त्यासाठी वेळ कोठून काढावा, हा तो विषय होय.

दुकानदारास सुटी नसते, असे आपण नेहमी म्हणतो. आठवडी बाजार, लग्नसराई, दिवाळी, मार्चअखेर, सारे दिवस कोणत्या ना कोणत्या कामास बांधलेले असतात. तरीही एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. मुलगी तीन वर्षांची झाल्यापासून दहा वर्षांची होईपर्यंत महिन्यातून एक दिवस तिच्यासाठी काढला, तर सात वर्षांत एकंदर ८४ दिवस होतात. त्यातून पावसाचे, आजारपणाचे, परीक्षांचे आणि सोयरसुतकाचे दिवस वजा घातले, तर साठही हाती उरत नाहीत. पुढे मुलगी शिकावयास नागपूरला, भोपाळला जाते, आणि मग तिची सुटी आणि आपली सुटी यांचा मेळ बसत नाही. मालाची तूट पुढल्या हंगामात भरून निघते. या साठ दिवसांची तूट कोणत्याच हंगामात भरून निघत नाही.

आपला प्रदेश या कामी अनुकूल आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा सौसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि सौसर त्यात आले. आपल्या मुली घरात मराठी बोलतात, पाटीवर हिंदी लिहितात आणि बाजारात दोन्ही भाषांत भाव करतात. सहलीस निघालेल्या अशा मुलीस उत्तरेस मुलताई आणि दक्षिणेस नागपूर ही दोन्ही सारखीच आपली वाटतात.

सहल म्हटली की दूरचा प्रवास आणि मोठा खर्च, अशी समजूत आहे. ती लहान मुलांस लागू पडत नाही. चार वर्षांच्या मुलीस पांढुर्ण्याचे रेल्वे स्थानक हेच मोठे प्रेक्षणीय स्थळ असते. नागपूर-इटारसी हा दिल्ली-चेन्नई मार्गाचाच भाग असल्यामुळे तेथून लांबलांबच्या गाड्या धडधडत जातात. आम्ही एका रविवारी फलाटावर बसून नुसते मालगाडीचे डबे मोजले. धाकटीचे मोजणे वीसच्या पुढे गडबडले, थोरलीने ते पुढे नेले, आणि घरी आल्यावर दोघींनी आजीस जो वृत्तांत ऐकविला तो काशीयात्रेहून कमी नव्हता. पुढे त्याच मार्गाने मुलताईस जाऊन तापीचे उगमकुंड पाहता येते. भूगोलाच्या पुस्तकात खानदेशातून सुरतेकडे जाणारी जी नदी दिसते, ती या कुंडातून निघते, हे डोळ्यांनी पाहिलेली मुलगी तो धडा विसरत नाही.

सौसरच्या मंडळींजवळ रेल्वेची दुसरी कथा आहे. नागपूर-छिंदवाडा ही अडीच फूट रुंदीची छोटी गाडी लोधीखेडा, सौसर, रामाकोना करीत डोंगराकडे जात असे. २०१५ साली ती रूळ रुंद करण्यासाठी बंद झाली, आणि आता तेथे मोठी गाडी धावते. ज्या आजी-आजोबांनी त्या छोट्या गाडीतून वऱ्हाडे नेली, त्यांना नातींसह नव्या गाडीत एकदा बसवावे. खिडकीबाहेर पाहत ते जे सांगतील ते कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. सौसरजवळच जामसावळीचे मारुतीचे स्थान आहे. तेथील मूर्ती निजलेल्या स्थितीत आहे, आणि मारुती का निजला आहे या प्रश्नावर आमच्या धाकटीने परतीच्या वाटेवर तीन वेगवेगळी उत्तरे स्वतःच शोधून काढली.

आणि संत्र्याचे बाग तर आपल्या दारातच आहेत. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात; त्या दिवसांत संध्याकाळी बागेच्या कडेने नुसते चालले तरी मुलींच्या कपड्यांना वास लागतो. त्याच झाडांची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास उतरतात. फूल पाहिलेल्या झाडाचे फळ आठ-नऊ महिन्यांनी त्याच मुलीच्या हाती द्यावे. आपण ज्या मालाचा व्यापार करतो तो किती काळाच्या प्रतीक्षेने तयार होतो, हे तिला न सांगताच कळते.

आपल्या घरांतून सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची रीत असल्यामुळे सहलीस आपोआपच मर्यादा पडते. ही अडचण आहे असे आम्हांस वाटत नाही. सकाळी लवकर निघावे, दशम्या आणि मेथीच्या पुऱ्या सोबत घ्याव्यात, आणि दिवस मावळण्याआधी घरी परतावे. मुली दमून चिडचिड्या होण्याची जी वेळ, तीच परतण्याची वेळ ठरते.

मुक्तागिरीची यात्रा मात्र थोडी लांबची. वरूड, परतवाडा मार्गे गेले की बैतूल जिल्ह्याच्या सीमेवर डोंगरात हे सिद्धक्षेत्र लागते. तेथे ५२ मंदिरे आहेत आणि पावसाळ्यात कड्यावरून धबधबा कोसळतो. आमच्या घरी एक अलिखित नेम आहे. पहिल्या यात्रेत मुलगी बापाच्या खांद्यावर असते, दुसऱ्या यात्रेत ती अर्ध्या पायऱ्या चालते, आणि ज्या यात्रेत ती सगळा डोंगर आपल्या पायांनी चढते ती तिथी घरच्या वहीत लिहून ठेवावयाची. थोरलीची तिथी ती सहा वर्षांची असताना लिहिली गेली. बारसे, जावळ, कान टोचणे हे सोहळे मोठी माणसे करतात. डोंगर चढणे हे मुलीने स्वतः केलेले असते. म्हणून त्याची नोंद अधिक मोलाची.

सणांचेही तसेच आहे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात आणि आपल्याकडच्या मराठी घरांत भुलाबाई बसते. ज्वारीच्या धांड्यांखाली भुलाबाई-भुलोजी मांडून मुली गाणी म्हणतात, आणि डब्यातील खाऊ ओळखावयास लावतात. हा उत्सव सर्वस्वी मुलींचा. त्यात वडिलांचे काम एवढेच, की एक दिवस दुकानातून लवकर येऊन खाऊ ओळखण्यास बसावे आणि मुद्दाम चुकावे. तान्ह्या पोळ्यास लाकडी बैल घेऊन घरोघर बोजारा मागण्याचा मान पूर्वी मुलांनाच असे. आता मुलीही बैल सजवितात, हे चांगलेच झाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जी गोटमार होते, तिच्याविषयी येथे लिहिणे भाग आहे. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर निशाण असते, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन तीरांवरून दगड सुटतात. आजवर कित्येक माणसे जखमी झाली, काही दगावली. प्रशासनाने दगडांऐवजी चेंडू देऊन पाहिले, तेही चालले नाही. या प्रथेची प्रचलित दंतकथा अशी, की पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून नेली आणि नदी ओलांडताना त्या दोघांवर दगड पडले. त्या दिवशी लहान मुलींना नदीकडे नेऊ नये, हे कोणीही सांगेल. परंतु मुलगी मोठी होऊ लागली की ही कथा तिच्या कानी पडतेच. आमच्या थोरलीने विचारले, “बाबा, त्या मुलीला कोणी विचारलं होतं का, तिला काय हवं होतं ते?” कथेत याचे उत्तर नाही. आम्ही तिला एवढेच म्हणालो, की तुला विचारल्यावाचून या घरात तुझ्याविषयी काही ठरणार नाही. सहज दिलेला हा शब्द पाळणे सोपे नाही, याची आम्हांस पुरती जाणीव आहे. शाळा, शिक्षण, विवाह, व्यवसाय या प्रत्येक वळणावर तो पाळावा लागेल.

याच ओघात व्यवहाराचेही दोन शब्द. आपल्या पाट्यांवर ‘अँड सन्स’ असे अजूनही लिहिलेले आढळते. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाइतकीच हिस्सेदार झाली, आणि हा हक्क मिळण्यास २००५ साली वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. पाटी बदलो न बदलो, कायदा बदललेला आहे. दुसरे असे, की २०१५ साली सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी योजनेचे खाते मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वीच उघडता येते. त्यात वर्षाला किमान २५० रुपये आणि अधिकात अधिक दीड लाख रुपये भरता येतात, भरणा १५ वर्षे करावा लागतो, आणि खाते २१ वर्षांनी पूर्ण होते. कामाच्या गर्दीत मुलीचा दहावा वाढदिवस उलटून गेला, तर ही सोय हातची जाते.

शेवटी एक सूचना. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात सांगितले आहे, की भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मी आणि सुंदरी या आपल्या कन्यांना लिपी आणि अंक शिकविले. अक्षर आणि आकडा या दोन्हींवर तर आपला सारा व्यापार उभा आहे. दिवाळीस आपण नव्या वह्यांचे पूजन करतो, तेव्हा पहिल्या पानावरील तिथी आणि पहिला आकडा मुलीच्या हातून लिहवावा. आमच्या घरी गेली दोन वर्षे तसे केले जाते. पहिल्या वर्षी आठाचा अंक थोडा वाकडा आला होता. मुनीमजींनी तो तसाच ठेवला, आणि वर्षाचा हिशेब त्याच पानापासून पुढे चालला.